आनन अंगघात

आनन अंगघात : चेहऱ्याच्या एका (क्वचित दोन्ही) बाजूच्या स्नायूंची ऐच्छिक हालचाल करण्याची शक्ती कमी होणे किंवा संपूर्णपणे नाहीशी होणे, या विकृतीस ‘आनन अंगघात’ म्हणतात. आयुर्वेदीय ग्रंथांत तिला ‘अर्दित’ अशी संज्ञा आहे. बोलभाषेत ‘तोंड वाकडे होणे’, ‘चेहऱ्याचा लकवा’ किंवा ‘तोंडावरून वारे जाणे’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. ही विकृती सावकाश वा एकाएकी उद्‌भवू शकते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः एकाएकी उद्‌भवणाऱ्या आनन अंगघाताची कारणे, त्याची चिकित्सा आणि त्यातून होणारी सुधारणा यांचे विवेचन केले असून शेवटी सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा स्वतंत्र विचार केला आहे.

‘वारे जाणे’ हा शब्दप्रयोग मराठीत दोन भिन्न रोगांना लावला जातो. शरीराची एक संपूर्ण बाजू लुळी पडली म्हणजे ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात व केवळ चेहरा वाकडा झाला तरी हेच म्हणतात. पहिल्या प्रकारात विकृती मेंदूमध्ये असते, तर दुसऱ्यात ती बहुधा चेहऱ्याकडे जाणाऱ्या एकाच तंत्रिकेत (मज्जातंतूत) असते. पहिल्यात जीवितास धोका असतो आणि उपचाराचा काळ तासांत मोजावा लागतो. दुसऱ्यात जीवितास सहसा धोका नसतो, उपचाराचा काळ दिवसांत मोजता येतो आणि बहुसंख्य रोगी पूर्ण बरे होतात. एकाच नावामुळे साध्या विकाराची विनाकारण धास्ती घेतली जाते आणि गंभीर विकाराकडे ‘तोंड वाकडे झाले आहे, होईल बरे’ म्हणून दुर्लक्ष होते. या दोन विकृतींतील भेद ओळखणे हे या विषयाच्या ज्ञानाचे पहिले व्यावहारिक फल होय.

शारीर : मेंदूपासून निघणाऱ्या तंत्रिकांच्या बारा जोड्यांपैकी सातव्या जोडीस ‘आनन तंत्रिका’ म्हणतात. चेहऱ्याच्या उजव्या व डाव्या बाजूंसाठी एकेक स्वतंत्र तंत्रिका असते. तीत सु. १०,००० तंतू असून त्यांपैकी सु. ७,००० स्नायूंना चेतना देणारे (प्रेरक) असतात. उरलेल्या तंतूंपैकी काही अश्रुग्रंथी व लालाग्रंथी यांच्या स्रावाचे नियंत्रण करतात, तर काही जिभेच्या पुढच्या दोनतृतीयांश भागातील रुचिसंवेदना मेंदूकडे नेतात. कानाच्या मध्यभागातील रिकिबीच्या आकाराच्या हाडाला ताण देणाऱ्या लहानशा स्नायूलाही याच तंत्रिकेची शाखा जाते. मोठ्या आवाजाचा कानावरील आघात सौम्य करणे हे त्या स्नायूचे कार्य असते.

मस्तिष्क स्तंभातून निघाल्यानंतर ही तंत्रिका श्रवण तंत्रिकेबरोबर शंखास्थीत (कानाच्या भागातील कवटीच्या हाडात) शिरते आणि सु. ३० मिमी. लांबीच्या, वळणावळणाच्या अस्थिमय नलिकेतून प्रवास करते. शरीरातील दुसरी कोणतीही तंत्रिका हाडाच्या नलिकेतून इतका दीर्घ प्रवास करीत नाही. या नलिकेचा सुरुवातीचा भाग सर्वांत अरुंद असून तेथे तिचा व्यास १ मिमी.पेक्षाही कमी असतो. कानाच्या पाळीमागील अस्थिछिद्रातून बाहेर पडल्यावर तंत्रिका अनुकर्ण ग्रंथीत (कानापुढील लालाग्रंथीत) शिरून पाच प्रमुख शाखांत विभागते. या शाखा कपाळ, पापण्या, गाल, ओठ, हनुवटी व मान यांच्या स्नायूंना पोहोचतात. हाड पसरू शकत नसल्यामुळे नलिकेतील तंत्रिकेला थोडी जरी सूज आली, तरी ती स्वतःच्याच सुजेने दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो आणि चेतनावहन थांबते. एकाएकी होणाऱ्या आनन अंगघाताचे मर्म या शारीरिक रचनेत आहे.

लक्षणे : रोगी बहुधा सकाळी उठून चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून गळते म्हणून आरशात पाहतो, किंवा घरातील माणसे त्याला चेहरा वाकडा झाल्याचे सांगतात. कित्येकदा आदल्या दिवशी कानामागे दुखत असते. काही तासांत किंवा फार तर तीन दिवसांत दौर्बल्य पूर्णावस्थेला पोहोचते. विकारग्रस्त बाजूच्या कपाळावरील आठ्या नाहीशा होतात, भुवई वर उचलता येत नाही, डोळा पूर्ण मिटत नाही आणि मिटण्याचा प्रयत्न करताच बुबुळ वर सरकून पांढरा भाग दिसतो. नाकपुडीपासून ओठापर्यंतची घडी पुसट होते. हसताना तोंड निरोगी बाजूकडे ओढले जाते, म्हणून अनभिज्ञ माणसाला निरोगी बाजूच रोगट वाटते. शीळ घालता येत नाही, फुंकर मारता येत नाही, घास गाल व हिरडी यांच्यामध्ये अडकतो आणि प, फ, ब, भ, म यांसारख्या ओष्ठ्य वर्णांचे उच्चार अस्पष्ट होतात. विकृतीच्या स्थानानुसार जिभेच्या त्या बाजूची चव जाते, डोळा कोरडा पडतो अथवा त्यातून सतत पाणी वाहते आणि भांडी आपटल्याचा साधा आवाजही त्या कानाला असह्य होतो. गालाची त्वचा बधिर झाल्यासारखी वाटते, परंतु चेहऱ्याची स्पर्शसंवेदना पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेकडे असल्यामुळे टोचले असता ती शाबूत असल्याचे आढळते.

मेंदूतील विकृतीपासून भेद : कपाळाच्या स्नायूंवर मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांचे नियंत्रण असते, तर चेहऱ्याच्या खालच्या भागावर प्रामुख्याने विरुद्ध बाजूच्या एकाच अर्धगोलाचे असते. त्यामुळे मेंदूतील रक्तवाहिनी तुंबून वा फुटून चेहरा वाकडा झाला, तर ओठ एका बाजूस ओढले जातात. परंतु कपाळावर दोन्ही बाजूंस आठ्या पडतात आणि डोळा बहुधा मिटतो. आनन तंत्रिकाच विकृत झाली असेल, तर कपाळासह अर्धा चेहरा निश्चल होतो. म्हणून ‘भुवया वर करून दाखवा’ ही साधी सूचना या दोन विकृतींतील फरक दाखविणारी पहिली कसोटी ठरते. ही कसोटी उपयुक्त असली, तरी अंतिम नाही. मस्तिष्क स्तंभातील काही विकृतींत कपाळासह संपूर्ण अर्धा चेहरा लुळा पडू शकतो. चेहऱ्याबरोबर हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे वा न समजणे, एकाऐवजी दोन वस्तू दिसणे, चालताना तोल जाणे, तीव्र डोकेदुखी किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही आढळल्यास कपाळाची स्थिती कशीही असली, तरी मेंदूचा विकार गृहीत धरून रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्यापूर्वी मेंदूचे संगणकीय छायाचित्रण करणे अपरिहार्य असते [⟶ पक्षाघात].

कारणे : (१) बेल अंगघात : ज्या रोग्यांत तपासणीअंती कोणतेही निश्चित कारण सापडत नाही, त्यांच्या विकारास सर चार्ल्‌स बेल (१७७४–१८४२) या स्कॉटिश शारीरविज्ञांच्या नावावरून ‘बेल अंगघात’ म्हणतात. एकाएकी होणाऱ्या आनन अंगघाताचा हाच सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांनुसार दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सु. २० ते ३० व्यक्तींना तो होतो. स्त्रिया व पुरुष, तसेच उजवी व डावी बाजू यांत त्याचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. मधुमेही व्यक्ती आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतील स्त्रिया यांत तो अधिक आढळतो. साध्या परिसर्पाचा (ओठावर जर उठविणारा) व्हायरस लहानपणी शरीरात शिरून आनन तंत्रिकेच्या गुच्छिकेत वर्षानुवर्षे सुप्तावस्थेत राहतो व पुढे केव्हातरी सक्रिय होऊन तंत्रिकेचा शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न करतो, असा समज आज प्रचलित आहे. मुराकामी व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या तंत्रिकाद्रवाच्या नमुन्यांत १४ पैकी ११ रोग्यांत या व्हायरसाचे जननिक द्रव्य आढळल्याचे प्रसिद्ध केले. तथापि सर्वच रोग्यांत हेच कारण असते, असे सिद्ध झालेले नाही.

(२) नागीण : कांजिण्यांचा व्हायरस याच गुच्छिकेत पुन्हा सक्रिय झाल्यास कानाच्या पाळीवर, कर्णनलिकेत किंवा टाळूवर पाणीदार फोड उठतात, कान अतिशय ठणकतो आणि चेहरा वाकडा होतो, कित्येकदा बहिरेपणा व चक्करही येते. जेम्स रॅम्से हंट या अमेरिकन तंत्रिकातज्ञांनी १९०७ मध्ये याचे वर्णन केले. फोड येण्यापूर्वीच अंगघात झाल्यास तो बेल अंगघातासारखा भासतो. बेल अंगघाताच्या मानाने यात पूर्ण सुधारणा होण्याची शक्यता कमी असते.

(३) कानाचे विकार : मध्यकर्णाचा तीव्र शोथ किंवा दीर्घकाल वाहणाऱ्या कानात हाड झिजविणारी विकृती झाल्यास तंत्रिकेला इजा पोहोचते. कान फुटलेल्या रोग्याचे तोंड वाकडे होणे ही तातडीने शस्त्रक्रियेचा विचार करावयास लावणारी घटना होय.

(४) इजा : वाहनांच्या अपघातात शंखास्थीचा भंग होणे, अनुकर्ण ग्रंथीच्या भागावर जखम होणे, प्रसूतीच्या वेळी नवजात अर्भकाच्या चेहऱ्यावर चिमट्याचा दाब पडणे ही आघातजन्य कारणे होत. येवला (जि. नाशिक) येथे जन्मलेल्या प्रसिद्ध अभिनेत्री ललिता पवार (१९१६–९८) यांच्या चेहऱ्यास १९४२ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी सहकलाकाराची चपराक जोरात लागल्याने अंगघात झाला व सु. तीन वर्षे उपचार घेऊनही डाव्या डोळ्यात व्यंग राहिले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. नायिकेच्या भूमिका संपल्यावर त्यांनी चरित्रभूमिकांत, विशेषतः खाष्ट सासूच्या भूमिकांत, जे यश मिळविले ते सर्वश्रुत आहे.

(५) कुष्ठरोग : गालाच्या हाडावरील आनन तंत्रिकेची शाखा त्वचेलगत असल्यामुळे कुष्ठरोगात ती विशेषेकरून विकृत होते. या प्रकारात संपूर्ण अर्धा चेहरा लुळा न पडता पापण्यांचे दौर्बल्य प्रामुख्याने आढळते. पाचव्या तंत्रिकेसही इजा झालेली असल्यास डोळ्यात कचरा गेल्याचे रोग्यास कळत नाही व अंधत्वाचा धोका दुणावतो. चेहऱ्यावर फिकट वा लालसर, बधिर चट्टा असल्यास या रोगाची शंका घ्यावी लागते [⟶ कुष्ठरोग].

(६) इतर कारणे : दोन्ही बाजूंचा चेहरा एकाच वेळी लुळा पडणे हे बेल अंगघातात क्वचितच घडते. अशा वेळी ग्वीयँ-बारे लक्षणसमूहाचा (शरीरातील अनेक तंत्रिकांना एकदम ग्रासणाऱ्या विकाराचा) विचार प्रथम करावा लागतो. २०२५ च्या प्रारंभी पुणे परिसरात या विकाराची साथ आली होती. नाग किंवा मण्यार यांच्या दंशानंतर दोन्ही पापण्या झुकतात आणि त्यापाठोपाठ चेहरा व श्वसनाचे स्नायू दुर्बल होतात. अनियंत्रित मधुमेहात नाक व त्याभोवतालच्या अस्थिविवरांत होणारा काळ्या बुरशीचा संसर्ग, जो २०२१ मधील कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आढळला, हेही एक कारण होय. अनुकर्ण ग्रंथीच्या वा मेंदूच्या तळाकडील अर्बुदामुळे (नवीन कोशिकांच्या अत्यधिक वाढीमुळे बनलेल्या गाठीमुळे) होणारे दौर्बल्य बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत हळूहळू वाढते.

थंड वारा लागणे हे कारण लोकांत सर्वमान्य आहे. वाहनाच्या खिडकीशी बसून रात्रीचा प्रवास केल्यानंतर किंवा उघड्यावर झोपल्यानंतर तोंड वाकडे झाल्याचे अनेक रोगी सांगतात. थंडीमुळे तंत्रिकेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावत असाव्यात अशी उपपत्ती पूर्वी मांडली गेली होती, परंतु तिला निश्चित पुरावा मिळालेला नाही. वाऱ्यात बसणारे असंख्य लोक निरोगी राहतात आणि विकार झाल्यावर आदल्या दिवशीचा वारा तेवढा स्मरणात राहतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

इतिहास : सुश्रुतसंहितेत वातव्याधींच्या वर्णनात अर्दिताचा अंतर्भाव असून चेहऱ्याचा अर्धा भाग वाकडा होणे, वाणी अडखळणे व डोळ्याची विकृती यांचा निर्देश आहे. चरकसंहितेत मात्र अर्धे शरीर अथवा केवळ अर्धे मुख अशा दोन्ही अर्थांनी ही संज्ञा योजलेली आढळते. वाग्भटांनी ‘एकायाम’ हे पर्यायी नाव नोंदविले आहे. म्हणजे केवळ मुखाचा विकार आणि अर्ध्या शरीराचा विकार यांच्या सीमारेषेचा प्रश्न प्राचीन वैद्यांपुढेही होता. इराणी वैद्य अल्-राझी (सु. ८६५–९२५) यांनी मेंदूजन्य व मुखस्थ अंगघात वेगळे ओळखण्याचा प्रयत्न केला. यूरोपात निकोलाउस फ्रीड्रायख (१७६१–१८३६) यांनी १७९८ मध्ये अशा रोग्यांचे सविस्तर वर्णन केले. बेल यांनी १८२१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सादर केलेल्या निबंधात चेहऱ्याची हालचाल करणारी तंत्रिका आणि संवेदना नेणारी तंत्रिका या भिन्न असल्याचे प्रतिपादन केले व त्यामुळे या विकाराचे स्थान निश्चित झाले.

निदान : बेल अंगघाताचे निदान रोगवृत्तान्त व प्रत्यक्ष तपासणी यांवरूनच केले जाते, त्यासाठी नेहमी छायाचित्रणाची वा रक्ततपासणीची गरज नसते. मात्र कान, टाळू, अनुकर्ण ग्रंथी, चेहऱ्याची त्वचा व इतर मस्तिष्क तंत्रिका तपासणे, तसेच रक्तदाब व रक्तातील साखर मोजणे आवश्यक असते. अंगघाताची तीव्रता नोंदविण्यासाठी हाउस व ब्रॅकमन यांनी १९८५ मध्ये मांडलेली सहा श्रेणींची पद्धत प्रचारात असून पहिली श्रेणी निरोगी चेहऱ्याची व सहावी संपूर्ण अंगघाताची असते. दौर्बल्य तीन दिवसांनंतरही वाढत राहणे, त्याच बाजूस पुनःपुन्हा होणे, चेहऱ्याच्या एखाद्याच भागापुरते असणे किंवा चार महिन्यांत सुधारणेची काहीच चिन्हे न दिसणे यांपैकी काही आढळल्यास चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने अर्बुद नसल्याची खात्री करतात.

चिकित्सा : चिकित्सेची दोन उद्दिष्टे असतात, तंत्रिकेची सूज लवकर उतरविणे आणि उघड्या राहिलेल्या डोळ्याचे रक्षण करणे. पहिल्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध परिणामकारक ठरले आहे. स्कॉटलंडमध्ये ५५१ रोग्यांवर करण्यात आलेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विकार सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत २५ मिग्रॅ. प्रेडनिसोलोन दिवसातून दोनदा, असे दहा दिवस देण्यात आले. तीन महिन्यांनंतर हे औषध घेतलेल्यांपैकी ८३ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ६३·६ टक्के रोगी पूर्ण बरे झाले; नऊ महिन्यांनंतर हेच प्रमाण अनुक्रमे ९४·४ व ८१·६ टक्के होते. ॲसायक्लोव्हिर हे व्हायरसविरोधी औषध एकटे दिल्याने फायदा आढळला नाही. तीव्र अंगघातात ते स्टेरॉइडाबरोबर देण्याचा विचार करतात आणि नागिणीत मात्र ते देणे आवश्यक मानतात. स्टेरॉइडामुळे रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, जठरव्रण चिघळू शकतो व सुप्त संसर्ग बळावू शकतो. म्हणून ते वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. मधुमेह हा त्यास पूर्ण प्रतिबंध नसून साखरेवर अधिक लक्ष ठेवण्याचे कारण होय.

डोळ्याचे रक्षण हा चिकित्सेचा दुसरा आणि वारंवार दुर्लक्षित होणारा भाग आहे. पापणी मिटत नसल्याने अश्रूंचा थर पसरत नाही, स्वच्छमंडल (बुबुळावरील पारदर्शक पटल) कोरडे पडते व त्यावर व्रण होऊन कायमचा फूल पडू शकतो. चेहरा पुढे सुधारला, तरी गेलेली दृष्टी परत मिळेलच असे नाही. म्हणून दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री डोळ्यात मलम व पापणी मिटवून त्यावर चिकटपट्टी, आणि बाहेर जाताना चष्मा अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून करतात. कापसाची घडी नुसती ठेवल्यास तिच्याखाली डोळा उघडून बुबुळ घासले जाण्याचा धोका असतो. डोळा लाल होणे, दुखणे किंवा अंधुक दिसणे ही नेत्रतज्ञाकडे त्वरित जाण्याची लक्षणे होत.

आरशासमोर बसून सावकाश व जाणीवपूर्वक करावयाचे चेहऱ्याचे व्यायाम आणि हलका संवाह (मालिश) यांचा, विशेषतः दीर्घकाल टिकलेल्या अंगघातात, उपयोग होतो. जोरजोराने तोंड वेडेवाकडे करण्याने लाभ होत नाही. विद्युत् प्रवाहाने स्नायू उद्दीपित करण्याची पद्धत प्रचारात असली, तरी तिच्या उपयुक्ततेला पुरेसा पुरावा नाही. अस्थिनलिका उघडून तंत्रिका मोकळी करण्याची शस्त्रक्रिया आता निवडक रोग्यांपुरतीच मर्यादित आहे. कायम व्यंग राहिल्यास वरच्या पापणीत सोन्याचे लहान वजन बसविणे, पापण्यांच्या कडा अंशतः शिवणे, जिभेच्या तंत्रिकेशी आनन तंत्रिका जोडणे किंवा कानशिलाचा स्नायू वळवून ओठाला जोडणे अशा शस्त्रक्रिया करतात.

सुधारणा व परिणाम : औषधाविना बेल अंगघाताची वाटचाल कशी होते, हे डॅनिश वैद्य पायटरसन यांनी कोपनहेगन येथे दीर्घकाल केलेल्या पाहणीवरून कळते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत बेल अंगघाताचे १,७०१ रोगी होते. त्यांपैकी ७१ टक्के कोणत्याही उपचाराविना पूर्ण बरे झाले. ८५ टक्के रोग्यांत सुधारणेची पहिली चिन्हे तीन आठवड्यांच्या आत दिसली, तर उरलेल्यांत ती दिसण्यास तीन ते पाच महिने लागले. सुरुवातीपासून अंगघात अपूर्ण असलेल्यांपैकी ९४ टक्के, तर संपूर्ण असलेल्यांपैकी ६१ टक्के पूर्ववत झाले. लहान मुलांत सुधारणा उत्तम होते. साठीनंतर ती बरीच कमी होते. सु. ७ टक्के रोग्यांत विकार पुन्हा उद्‌भवला.

सुधारणेच्या या दोन गटांचे कारण तंत्रिकेच्या इजेच्या स्वरूपात आहे. तंतूंचे केवळ वहन थांबले असेल, तर सूज उतरताच ते पूर्ववत होते. तंतू मृत झाले असतील, तर त्यांना इजेच्या जागेपासून पुन्हा वाढावे लागते. ही वाढ दिवसाला सु. १ मिमी. या गतीने होत असल्यामुळे कानाच्या अंतर्भागापासून ओठापर्यंत पोहोचण्यास काही महिने लागतात. वाढताना काही तंतू चुकीच्या स्नायूंकडे जातात. अशा रोग्याने हसण्याचा प्रयत्न केला की डोळा मिटतो, किंवा डोळे मिचकावले की ओठ ओढला जातो. लालाग्रंथीकडे जावयाचे तंतू अश्रुग्रंथीकडे गेल्यास जेवताना डोळ्यातून पाणी येते. यालाच ‘नक्राश्रू’ असे नाव आहे. या परिणामांवर चेहऱ्याच्या पुनःशिक्षणाचा व बोट्युलिनम विषाच्या सूक्ष्म अंतःक्षेपणांचा (इंजेक्शनांचा) उपयोग होतो. चेहरा हे माणसाच्या भावाविष्काराचे मुख्य साधन असल्यामुळे उरलेले व्यंग थोडे असले, तरी रोगी लोकांत मिसळणे टाळतो, फोटो काढू देत नाही व तोंडावर पदर वा रुमाल धरू लागतो. या मानसिक परिणामाचीही दखल घ्यावी लागते.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील परिस्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ व सांगली जिल्ह्याची २८,२२,१४३ होती. वर दिलेले सर्वसामान्य प्रमाण लावल्यास या दोन जिल्ह्यांत मिळून दरवर्षी बेल अंगघाताचे सु. १,१५० ते १,७५० नवे रोगी अपेक्षित ठरतात. हा केवळ गणिती अंदाज आहे. प्रत्यक्ष गणना नव्हे. कोणासही उपचार मिळाला नाही असे मानले, तर कोपनहेगनच्या अनुभवानुसार त्यांतील सु. ३५० ते ५०० व्यक्तींच्या चेहऱ्यात थोडेबहुत व्यंग उरेल. वेळीच दिलेल्या स्वस्त गोळ्यांनी ही संख्या बरीच घटविता येते.

कृष्णाकाठचा ऊस व हळदीचा पट्टा, तासगाव भागातील द्राक्षबागा आणि माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांतील कोरडा, धुळीचा प्रदेश यांत काम करणाऱ्यांच्या बाबतीत डोळ्याच्या रक्षणाला विशेष महत्त्व आहे. उसाच्या पात्याच्या करवती कडा, हळदीची भुकटी, औषधफवारणीचे तुषार व वाऱ्याबरोबर उडणारी माती यांपासून निरोगी डोळा पापणी मिटून स्वतःला वाचवितो. अंगघात झालेल्या डोळ्याला ते शक्य नसते. उसाचे पाते लागून झालेल्या ओरखड्यावर बुरशीचा संसर्ग झाल्यास स्वच्छमंडलाचा दुःसाध्य व्रण होतो. म्हणून तोंड वाकडे झालेल्या शेतकऱ्याने किंवा ऊसतोड मजुराने डोळा मिटू लागेपर्यंत तोडणी, मळणी व फवारणी टाळणे आणि टाळता न आल्यास बाजूंनीही बंद असलेला चष्मा वापरणे इष्ट असते.

या विकारावर ग्रामीण भागात जायफळ उगाळून लावणे, तेलाने चोळणे, शेक देणे, पारव्याचे रक्त लावणे, मंत्र घालणे असे अनेक उपाय प्रचलित आहेत. त्यांपैकी प्रत्येक उपायाला गुण आल्याचे सांगणारी माणसे भेटतात व ती खोटे बोलत नसतात. दहांपैकी सात रोगी निसर्गतःच बरे होत असल्याने जो उपाय केला जाईल त्याला दहांपैकी सात वेळा यश लाभल्यासारखे दिसते. उरलेले तिघे आधीच ओळखता येत नाहीत, ही खरी अडचण आहे. हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही. मात्र कोणताही लेप वा द्रव डोळ्यात जाऊ न देणे आणि अशा उपायांपायी पहिले तीन दिवस वाया न घालविणे आवश्यक आहे.

वैद्यकीय सोयींच्या दृष्टीने हा भाग अगदीच मागासलेला नाही. मिरज येथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय स्थापन केले आणि तेव्हापासून ते गाव शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्धीस आले. तेथील रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयाचाही उल्लेख करावयास हवा. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये, कराड येथील कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये आणि सातारा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्र शासनाची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. तथापि जावळी, पाटण व महाबळेश्वर या डोंगराळ तालुक्यांतील वाड्यावस्त्यांतून किंवा जत तालुक्याच्या पूर्व टोकाकडून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून प्रथम तपासणी करणाऱ्या व्यक्तीने, मग ती प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्य असो, आरोग्यसेविका असो वा आशा कार्यकर्ती असो, रोग्याला भुवया उंचावण्यास, दोन्ही हात समोर धरण्यास व एखादे वाक्य बोलण्यास सांगणे महत्त्वाचे ठरते. हात खाली घसरला, बोलणे बिघडलेले आढळले किंवा कपाळावर दोन्ही बाजूंस आठ्या पडत असतील, तर रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. हातपाय व वाणी शाबूत असून कपाळासह केवळ अर्धा चेहरा निश्चल असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातच कान, त्वचा, रक्तदाब व साखर तपासून त्याच दिवशी उपचार सुरू करता येतात आणि डोळा झाकण्याची रीत घरच्या माणसांना शिकविता येते.

बेल अंगघात टाळण्याचा खात्रीचा उपाय अद्याप उपलब्ध नाही. मधुमेह व रक्तदाब यांचे नियंत्रण, वाहणाऱ्या कानाची वेळीच चिकित्सा, कुष्ठरोगाचे लवकर निदान आणि दुचाकीवर शिरस्त्राणाचा वापर यांमुळे आनन अंगघाताची इतर कित्येक कारणे मात्र टाळता येतात.